ऑफिसमध्ये एकाला गारठा, दुसऱ्याला घाम: एसीचा रिमोट नेमका कोणाच्या हातात असावा?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एक घोषणा केली. नव्या एसींचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही, असा नियम आणण्याचा सरकारचा विचार असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यावर बरीच चर्चा झाली. काही दिवसांतच पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी असं बंधन लगेच येणार नाही, असं स्पष्ट केलं आणि विषय थंडावला.

पण या सगळ्यात एक प्रश्न मागेच राहिला. घरातला एसी किती अंशांवर ठेवायचा हे घरातली माणसं ठरवतात आणि बिलही तीच भरतात. ऑफिसचं तसं नाही. तिथे माणूस दिवसाचे आठ-नऊ तास काढतो, पण एसीचा रिमोट त्याच्या हातात नसतो. कोणी स्वेटर घालून बसतं, कोणी घाम पुसत बसतं, आणि 'तापमान वाढवा', 'तापमान कमी करा' यावरून रोज छोटी भांडणं होतात.

हे भांडण वरवर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात त्यात वीजबिल आहे, आरोग्य आहे, कामाचा दर्जा आहे आणि कार्यालयात कोणाचं चालतं हा प्रश्नही आहे. नाशिकसारख्या शहराच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेऊ.

'थंड हवेच्या' नाशिकमध्ये एसीची गरज का वाढली?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, जवळच सह्याद्री, आणि संध्याकाळनंतर येणारा गारवा. नाशिकची ओळख बराच काळ आल्हाददायक हवेचं शहर अशीच राहिली. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी नाही तरी अधूनमधून येतातच.

मात्र एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा चाळिशीला टेकतो. मालेगाव तर राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात वर्षभरात पाच अंशांपासून चाळिशीपलीकडपर्यंतची हवा असते.

दुसरा बदल इमारतींचा आहे. पंचवटी किंवा जुन्या नाशिकमधल्या वाड्यांना जाड भिंती, मधला चौक आणि लहान खिडक्या होत्या. दिवसा भिंत उष्णता अडवायची आणि रात्री चौकातून गरम हवा निघून जायची. आता कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या भागांत दर्शनी काच असलेल्या व्यापारी इमारती आहेत. अनेक ठिकाणी खिडक्या उघडतच नाहीत. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याची शेड आणि त्यातच एका कोपऱ्यात पार्टिशन टाकून केलेलं ऑफिस, असं चित्र सर्रास दिसतं.

काचेच्या बंद इमारतीत एसी ही चैन उरत नाही. तो बंद पडला, तर बसणंच अशक्य होतं.

गरम किंवा गार वाटणं फक्त तापमानावर अवलंबून असतं का?

नाही. इथेच बहुतेक वाद चुकीच्या जागी सुरू होतात.

डेन्मार्कचे संशोधक पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये या विषयावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक प्रसिद्ध केलं. माणसाला हवा सुखद वाटते की नाही, हे सहा गोष्टींवर ठरतं, ही त्यातली मांडणी आजही जगभर वापरली जाते. त्या सहा गोष्टी अशा:

• हवेचं तापमान: रिमोटवर दिसणारा आकडा फक्त याच्याशी संबंधित असतो.

• आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णता: डोक्यावरचा पत्रा किंवा पश्चिमेची काच तापली असेल, तर हवा २४ अंशांची असूनही माणूस भाजून निघतो. तापलेल्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता थेट अंगावर येते.

• हवेचा वेग: पंख्याच्या झुळकीने हवेचं तापमान बदलत नाही, पण अंगातली उष्णता आणि घाम लवकर निघून जातो.

• आर्द्रता: एप्रिलच्या कोरड्या दुपारी घाम पटकन वाळतो. जुलैमध्ये तापमान कमी असूनही चिकचिक होते, कारण घाम वाळत नाही.

• कपडे: पातळ सुती कुर्ता आणि टाय-ब्लेझर यांत फरक आहेच.

• शरीराची हालचाल: शांत बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. दिवसभर जिने चढउतार करणारा ऑफिस बॉय किंवा मशीनवर उभा असलेला ऑपरेटर त्याहून कितीतरी जास्त.

आता एका ऑफिसची कल्पना करा. एक जण थेट एसीच्या झोताखाली बसला आहे. दुसरी पश्चिमेच्या काचेला टेकून बसली आहे. तिसरा नुकताच उन्हातून दुचाकीवरून आला आहे. तिघांच्या खोलीचं तापमान एकच आहे, पण तिघांची हवा वेगवेगळी आहे. त्यामुळे 'अहो, २४ वरच आहे की!' हे उत्तर कोणाचंच समाधान करत नाही.

सगळ्यांना चालेल असं एक तापमान असू शकतं का?

फँगर यांच्याच गणिताचं उत्तर 'नाही' असं आहे. त्यांच्या सूत्रानुसार सगळ्या गोष्टी अगदी आदर्श जुळवून आणल्या, तरी किमान पाच टक्के लोक नाखूश राहतात. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेचं या विषयावरचं मानक जगभर प्रमाण मानलं जातं. तेही शंभर टक्के लोकांचं समाधान मागत नाही. ८० टक्के लोकांना हवा मान्य असली, तर ती पुरेशी चांगली मानली जाते.

म्हणजे पन्नास जणांच्या ऑफिसमध्ये दहा जण कुरकुरत असले, तरी एसी यंत्रणा नियमानुसार 'पास' होते.

हे दहा जण कोण असतात, हा पुढचा प्रश्न. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हॅन मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांचा अभ्यास 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतींसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रांत शरीराच्या उष्णतेचा आकडा साधारण ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषावर बेतलेला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. स्त्रियांचं शरीर बसल्या जागी त्यापेक्षा कमी उष्णता निर्माण करतं आणि हे सूत्र तो आकडा ३५ टक्क्यांपर्यंत वाढवून धरू शकतं, असं त्यांनी दाखवलं. त्यांनी मोजमापं घेतलेल्या स्त्रियांची संख्या लहान होती, त्यामुळे या आकड्याला अंतिम मानू नये. पण ऑफिसमध्ये शाल किंवा स्टोल खुर्चीला कायम अडकवून ठेवणाऱ्या बहुतांश स्त्रियाच का असतात, याचं एक कारण त्यातून कळतं.

२०१९ मध्ये बर्लिनमध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात खोलीचं तापमान बदलत चाचण्या घेतल्या गेल्या. खोली उबदार होत गेली तशी स्त्रियांची गणिताच्या आणि भाषेच्या चाचण्यांमधली कामगिरी सुधारली. पुरुषांची थोडी घसरली, पण ती घसरण तुलनेने कमी होती. म्हणजे थंडगार ऑफिसची किंमत मोजावी लागते आणि ती सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही.

भारतीयांना किती अंश चालतात?

बराच काळ भारतातल्या इमारती थंड देशांत तयार झालेल्या मानकांवर आखल्या गेल्या. त्याला उत्तर म्हणून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत मोठी पाहणी केली. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींतून त्यांनी सहा हजारांहून अधिक प्रतिसाद गोळा केले. त्यातून तयार झालेलं प्रारूप 'इमॅक' या नावाने ओळखलं जातं.

त्याचा गाभा सोपा आहे. माणसाचं शरीर आणि सवयी बाहेरच्या हवेशी जुळवून घेतात. त्यामुळे बाहेर उन्हाळा असेल, तर आतली हवा थोडी गरम असली तरी चालते.

याचं गणित नाशिकला लावून पाहू. उन्हाळ्यात दिवस-रात्र मिळून महिनाभराचं बाहेरचं सरासरी तापमान ३० अंश धरलं, तर इमॅकच्या सूत्रांनुसार सुखद तापमान असं येतं: खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या ऑफिसात सुमारे २९ अंश. कधी खिडक्या, कधी एसी अशा मिश्र ऑफिसात सुमारे २६ अंश. पूर्ण बंद एसी ऑफिसात सुमारे साडेपंचवीस अंश.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, पूर्ण एसी ऑफिसातही आकडा २५ च्या वर आहे. १८, २० किंवा २२ नाही. दुसरी, माणसं त्याच मातीतली असूनही खिडक्यांच्या ऑफिसात ती २९ अंशांवर समाधानी असतात आणि बंद ऑफिसात साडेपंचवीसवर. तीन-साडेतीन अंशांचा हा फरक येतो कुठून?

हातात नियंत्रण असलं की काय बदलतं?

संशोधकांच्या मते या फरकामागे हवेच्या झुळकीसोबत आणखी एक मोठं कारण आहे: नियंत्रण. खिडक्यांच्या ऑफिसात माणूस खिडकी उघडतो, पंख्याचा वेग वाढवतो, पडदा ओढतो, जागा बदलतो. आपली अडचण आपणच सोडवू शकतो हे माहीत असलं, की थोडा उकाडा चालवून घेतला जातो. बंद ऑफिसात यातलं काहीच करता येत नाही, त्यामुळे सहनशक्तीही कमी होते.

ही गोष्ट कंपन्यांना फार आधी कळली होती. अमेरिकेत अनेक इमारतींमध्ये भिंतीवर थर्मोस्टॅट लावलेले असत, पण ते कशालाच जोडलेले नसत. लोक बटण दाबत, त्यांना बरं वाटे आणि तक्रारी कमी होत. फसवणूकच ती, पण तिच्यातून माणसाला काय हवं असतं हे उघड झालं.

खरं नियंत्रण देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका विमा कंपनीने १९९१ मध्ये नव्या इमारतीत कर्मचाऱ्यांच्या टेबलालाच छोटी हवा-यंत्रणा बसवली. हवेचा वेग, तापमान आणि पायाजवळची ऊब प्रत्येकाला स्वतः ठरवता येत होती. या सोयीमुळे कामाचा उरक साधारण दोन-तीन टक्के वाढल्याचा निष्कर्ष तेव्हाच्या अभ्यासात निघाला. आकडा छोटा वाटतो. पण बहुतेक ऑफिसांत पगाराचा खर्च विजेच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो, हे लक्षात घेतलं की तो छोटा राहत नाही.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या केंद्राने टेबलावरचे छोटे पंखे, पाय उबदार ठेवणारी उपकरणं, गार-गरम होणाऱ्या खुर्च्या यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यातून हाती आलेली गोष्ट घरच्या अनुभवाशी जुळणारी आहे. उकाड्यात चेहरा आणि मानेवर वारा लागला, की सगळ्या अंगाला बरं वाटतं. थंडीत पाय उबदार राहिले, की माणूस निवांत होतो. सगळी खोली गार किंवा गरम करण्याची गरज नसते.

मग प्रत्येकाला वेगळा एसी द्यायचा का?

नाही. वैयक्तिक नियंत्रण म्हणजे प्रत्येक टेबलामागे एक स्प्लिट एसी असा अर्थ घेतला, तर प्रश्न वाढेल.

एकाच हॉलमध्ये एक एसी २० वर आणि शेजारचा २६ वर ठेवला, तर हवा मिसळतेच. २० वाला एसी सगळ्या हॉलची उष्णता ओढत राहतो, त्याचा कॉम्प्रेसर थांबत नाही आणि शेवटी थंडी वाजणाऱ्या माणसालाही थंडीच वाजते. शिवाय एसी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त बाहेर फेकतो. इमारतीच्या मागच्या बोळात एका रांगेत बाहेरचे युनिट लावलेले असतात, तिथे दुपारी उभं राहिलं की याचा अर्थ कळतो. त्या बोळात चहाची टपरी असते, सुरक्षारक्षक बसलेला असतो, वरच्या मजल्यावर कोणाची तरी खिडकी असते.

परवडणारा मार्ग वेगळा आहे. खोलीचं तापमान २६ च्या आसपास ठेवायचं आणि उरलेला फरक प्रत्येकाने आपल्या टेबलावर भरून काढायचा. ज्याला उकडतं त्याला छोटा पंखा, ज्याला गार वाटतं त्याला झोतापासून दूरची जागा. अंगावर पुरेसा वारा असेल, तर माणसाला हवा प्रत्यक्षापेक्षा दोन-तीन अंशांनी गार भासते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. बारा जणांचं ऑफिस, दीड टनाचे तीन एसी, प्रत्येकाचा सरासरी वापर तासाला १.२ युनिट आणि दिवसाचे आठ तास धरले, तर रोजची वीज सुमारे २९ युनिट होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २२ वरून २६ वर गेलं, तर रोज साडेसहा-सात युनिट वाचतील. त्या बदल्यात बारा जणांना ३० वॉटचा एकेक पंखा दिला आणि सगळे दिवसभर चालले, तरी तीन युनिटसुद्धा लागत नाहीत. निव्वळ बचत रोज चार युनिटच्या आसपास. महिन्याचे २५ दिवस आणि युनिटला १२ रुपये धरले, तर सुमारे १,२०० रुपये.

ही रक्कम फार मोठी नाही. पण यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: आधीपेक्षा कमी विजेत बारा जणांना बारा वेगवेगळ्या हवा मिळाल्या.

मोठ्या इमारतींसाठी अमेरिकेतल्या वेगवेगळ्या हवामानांचं संगणकीय गणित मांडणाऱ्या एका अभ्यासात २२ ऐवजी २५ अंशांवर एसी ठेवला, तर थंडाव्यासाठी लागणारी वीज सरासरी २९ टक्क्यांनी कमी होते असं दिसलं होतं.

नाशिकच्या हवेचा आणखी एक फायदा आहे. मार्च ते मे हवा बरीच कोरडी असते, त्यामुळे कुलर चांगला चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक दिवस खिडकी उघडली तरी भागतं. पावसाळ्यात मात्र कुलर निरुपयोगी ठरतो, तेव्हा एसीच्या ड्राय मोडने दमटपणा कमी करता येतो. म्हणजे बारा महिने एकाच यंत्राच्या भरवशावर राहण्याची गरज या शहराला नाही. अट एकच, इमारतीच्या खिडक्या उघडणाऱ्या असल्या पाहिजेत.

रिमोट नेहमी कोणाकडे असतो?

एसीचा जन्मच मुळी माणसांसाठी झाला नव्हता. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई हुकायची. ते थांबवण्यासाठी विलिस कॅरिअर यांनी हवेतली आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. नोटांच्या आणि टपाल तिकिटांच्या छापखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकरोडला कागदाची ही नाजूक तब्येत वेगळी समजावून सांगायला नको.

वस्तूसाठी हवा ठरते आणि माणूस त्यात बसवला जातो, हे आजही दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातक्षम द्राक्षांची पॅकहाऊस हे त्याचं जवळचं उदाहरण. हंगामात पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागात बाहेर ऊन तापलेलं असतं. आत पॅकिंग हॉल गार ठेवलेला असतो, प्रीकूलिंगच्या खोलीत द्राक्षांचं तापमान चार अंशांच्या आसपास उतरवलं जातं आणि शीतगृहात ते शून्याजवळ नेलं जातं. द्राक्षासाठी ते गरजेचंच आहे, तिथे तापमान वाढवा असं कोणी म्हणणार नाही. पण म्हणूनच तिथल्या कामगारांना उबदार कपडे, पायात चांगले बूट, मधली विश्रांती आणि आत-बाहेर करताना थोडा वेळ मिळणं हे त्यांचं 'वैयक्तिक नियंत्रण' ठरतं. रिमोट द्राक्षाकडे असला, तर जर्किन तरी माणसाकडे हवं.

कार्यालयांत रिमोट बहुधा हुद्द्याकडे असतो. सरकारी कार्यालयांत दालनात एसी बसवण्याची मुभा अधिकाऱ्याच्या वेतनश्रेणीवरून ठरते. खासगी ऑफिसात केबिनला वेगळा एसी आणि बाहेरच्या हॉलला सामाईक, ही रचना नेहमीची. स्वतंत्र खोलीत एकट्याने बसणाऱ्याला सगळं नियंत्रण आणि तीस जणांत बसणाऱ्याला काहीच नाही. गेटवरचा सुरक्षारक्षक, डिलिव्हरी करणारे, शेडमधले कंत्राटी कामगार यांचा तर या चर्चेत उल्लेखही होत नाही.

त्यांच्यासाठी प्रश्न सुखाचा नाही, मजुरीचा आहे. भारतीय कारखान्यांवर ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचं तापमान एक अंशाने जास्त असेल, तर कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यात आढळलं. कामाच्या जागी थंडाव्याची सोय असली, की उत्पादकतेतली घसरण थांबली. गैरहजेरी मात्र थांबली नाही. कामावरचा गारवा घरच्या पत्र्याखालच्या रात्रीची भरपाई करू शकत नाही, हा त्याचा एक अर्थ निघतो.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १३ मध्ये कामाच्या खोलीत पुरेशी हवा खेळती असावी आणि कामगारांना वाजवी सुख मिळेल, आरोग्याला इजा होणार नाही असं तापमान राखावं, असं म्हटलं होतं. भिंती आणि छप्पर असं असावं की तापमान शक्य तितकं कमी राहील, हेही त्यात होतं. पत्र्याच्या शेडच्या संदर्भात हे वाक्य महत्त्वाचं आहे. कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्यासाठीच्या २०२० च्या नव्या संहितेतही हवा, तापमान आणि आर्द्रतेचा समावेश आहे.

दुकानं आणि ऑफिसांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात स्वच्छता, उजेड, वायुवीजन यांची जबाबदारी मालकावर आहे. मात्र 'वाजवी सुख' म्हणजे किती अंश, हे मूळ कायदा सांगत नाही. त्यामुळे ऑफिसात फार गारठा आहे किंवा फार उकडतं, अशी तक्रार घेऊन कोणी गेलं, तर बोट ठेवायला आकडा सापडत नाही.

२० ते २८ च्या मर्यादेने प्रश्न सुटेल का?

अर्धाच. सरकारने या दिशेने आधीही पावलं टाकली आहेत. २०१८ मध्ये व्यापारी इमारतींनी एसी २४ ते २६ अंशांवर ठेवावा, असा सल्ला दिला गेला. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर चालू व्हावेत, असा नियम आला. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट आहे आणि सर्वांसाठी सुखद तापमान हा विचारही आहे.

इतर देशांनीही मर्यादा घालून पाहिल्या. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम आणली. ऑफिसचं तापमान २८ अंश ठेवा, पण त्यासोबत टाय आणि कोट काढून ठेवा, असं सांगितलं. स्पेनने २०२२ च्या ऊर्जासंकटात दुकानं, सार्वजनिक इमारती यांचा एसी २७ च्या खाली नेण्यास मनाई केली.

जपानच्या उदाहरणात शिकण्यासारखं हे, की त्यांनी आकड्यासोबत कपड्यांचा नियमही बदलला. सहा गोष्टींपैकी एकच बदलायला सांगितली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, तर लोक वैतागतात. नाशिकच्या उन्हाळ्यात फील्डवरून आलेल्या सेल्समनने टाय सोडायचा नाही आणि एसी २६ च्या खाली न्यायचा नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरी अडचण अशी की मर्यादा वीज वाचवते, पण रिमोट कोणाकडे हा प्रश्न तसाच ठेवते. २० अंशांवर थरथरणाऱ्या माणसाला १८ ची बंदी फारशी उपयोगी नाही.

ऑफिसला आजपासून काय करता येईल?

फार खर्च न करता करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत.

पहिली, आकडा ठरवण्याआधी जागा तपासणं. एसीच्या झोताखाली कोणाची खुर्ची आहे, पश्चिमेच्या काचेला कोण बसतं, हे पाहिलं तर निम्म्या तक्रारी खुर्च्या हलवून आणि झोताची दिशा बदलून सुटतात.

दुसरी, ऊन बाहेरच अडवणं. काचेला बाहेरून सावली, पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा पत्र्याखाली छत, यांनी एसीचं काम हलकं होतं. काचेच्या आतला पडदा अडवतो, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते.

तिसरी, खोलीचा एसी २६ च्या आसपास आणि मागेल त्याला टेबलाचा छोटा पंखा. छताचे पंखे काढून टाकले असतील, तर ते परत बसवणं.

चौथी, कपड्यांच्या नियमांत उन्हाळ्यापुरती सूट.

पाचवी, यंत्रांची उष्णता कमी करणं. बंगळुरूच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत मशीनवरचे जुने दिवे बदलून एलईडी लावले, तेव्हा कमी उष्णतेमुळे गरम दिवसांतही कामगारांचं काम टिकून राहिल्याचं एका अभ्यासात दिसलं. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

आणि सहावी, विचारणं. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात, प्रत्येकाला एक साधा प्रश्न: 'तुझ्या जागेवर उकडतं, गार वाटतं की ठीक आहे?' उत्तर देणाऱ्यांत केबिनबाहेरचे, गेटवरचे आणि शेडमधलेही असले पाहिजेत. एसी किती अंशांवर ठेवायचा हे ठरवण्यासाठी इतकी माहिती पुरते, आणि ती गोळा करायला कुठल्याही नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही.